‘मध मिळेल’: वरुड रस्त्यावरच्या बिननावाच्या दुकानाबद्दल

या दुकानाला नाव नाही. मोर्शीहून वरुडकडे जाताना संत्र्याच्या बागा दाट व्हायला लागतात, तिथं डाव्या हाताला एक जुनं मातीचं घर लागतं. दारावर पत्र्याची पाटी, तिच्यावर निळ्या रंगात ‘मध मिळेल’ एवढे दोनच शब्द. मी त्या रस्त्याने आठवड्यातले सहा दिवस शाळेत जाते. सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. तीन वर्षं ती पाटी वाचून मी पुढे जात होते. आत पाय ठेवला तो मागच्या उन्हाळ्यात, दुसरीकडच्या एका बाटलीने फसवल्यावर.

ती बाटली महामार्गावरच्या एका टपरीतून घेतली होती. पत्र्याची शेड, पुढच्या फळीवर ओळीने बाटल्या, आणि मे महिना. घरी आणून उघडली तर रंग काकवीसारखा आणि चव करपलेल्या साखरेची. आमच्या सासूबाईंनी बोटाला लावून चाटला आणि म्हणाल्या, “हे काय वं, हा तं पाक हाये.” मला तेव्हा वाटलं, सरळ भेसळ. आज तसं छातीठोकपणे म्हणणार नाही. तो खरा मधही असू शकतो, फक्त मेलेला. मध मरतो म्हणजे काय, हे मला या बिननावाच्या दुकानात कळलं. म्हणूनच हे सगळं लिहायला बसले.

दुकान म्हणजे घराची पडवी. एक लाकडी मांडणी, काट्याचा तराजू, काचेच्या बाटल्या, आणि भिंतीला लागून काचेची मधपेटी. चालवणारे भाऊ पन्नाशीचे. त्यांनी महाबळेश्वरच्या मध संचालनालयात मधमाशीपालनाचं शिक्षण घेतलंय. चाळीस पेट्या आहेत, सगळ्या मेलिफेरा, म्हणजे युरोपातून आलेल्या जातीच्या. आंबिया बहाराच्या वेळी पेट्या संत्र्याच्या बागांत असतात, एरवी धने, जवस, करडई जिथे फुलेल तिथे. जंगलचा मध मेळघाटातून येतो, आग्या मोहोळाचा. तो कोरकू मंडळी काढून आणतात.

दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू विकायला नाही. ती काचेची पेटी. मी पहिल्या दिवशी मध घ्यायला गेले आणि पाऊण तास तिच्यासमोर बसून राहिले. बाहेरून एक माशी आली, पोट तट्ट फुगलेलं. आतली दुसरी तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि सोंड लांब केली. पहिलीने जबडे उघडले, तोंडाशी चमकता थेंब आला, आणि दुसरीने तो ओढून घेतला. भाऊ शेजारी उभे होते. म्हणाले, “पाहा मॅडम, आता थे देऊन रायली. हे घेणारी पुन्हा दुसरीले देईन. असा तोंडातोंडात फिरते, मंग मध होते.”

आमच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी पोट्टं विचारतंच, “मॅडम, मध म्हणजे माशीची ओकारी ना?” आता मी त्यांना ही पेटी दाखवायला आणते. माशीला पचनाच्या जठराच्या आधी एक वेगळी मधपिशवी असते. दोघांच्या मध्ये झडप. मकरंद त्या पिशवीत भरून येतो. स्वतःला भूक लागली तरच झडप थोडा रस पुढे सोडते, बाकी सगळा जसाच्या तसा घरी. ओकारी म्हणायची तर तो आधी पोटात पचायला जायला हवा, आणि तिथं तो जातच नाही.

पण जसाच्या तसा हेही पूर्ण खरं नाही, आणि खरी गोष्ट इथेच आहे. मकरंदातली साखर बऱ्याच फुलांत मुख्यतः सुक्रोज असते, म्हणजे आपल्या चहातलीच साखर, पाण्यात विरघळलेली. फुलावरून परतणारी माशी वाटेतच त्यात आपल्या डोक्यातल्या ग्रंथींचा स्राव मिसळू लागते. त्यात इन्व्हर्टेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते सुक्रोजचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. पेटीत आल्यावर प्रत्येक हाताळणाऱ्या माशीच्या तोंडातून आणखी थोडी विकरं पडतात. घरातली माशी तो थेंब सोंडेवर पसरते, आत घेते, पुन्हा पसरते. असं पंधरा-वीस मिनिटं चालतं. मग तो मेणाच्या कप्प्यात ठेवते, आणि पंखांचा वारा घालघालून पाणी उडवलं जातं. मकरंदात साठ-सत्तर टक्के पाणी असलं तरी शेवटी ते वीसच्या खाली येतं. मग वरून मेणाचं झाकण.

ही विकरं येतात कुठून, हे मी भाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “लाळेतून.” लाळ म्हणणं ढोबळमानाने बरोबर आहे, पण मी वाचत गेले तशी थक्क झाले. मधमाशीच्या डोक्यात मण्यांच्या माळेसारख्या दोन लांब ग्रंथी गुंडाळून बसलेल्या असतात, हायपोफॅरिंजियल ग्रंथी. कामकरी माशी तरुण असते, पेटीत दाईचं काम करते, तेव्हा या ग्रंथी टपोऱ्या असतात आणि अळ्यांसाठी, राणीसाठी प्रथिनांनी भरलेलं राजान्न बनवतात. पुढे तीच माशी साधारण तीन आठवड्यांची होऊन बाहेर फुलांवर जायला लागली की त्याच ग्रंथी आकसतात आणि वेगळं काम सुरू करतात. आता त्या इन्व्हर्टेज, डायस्टेज आणि ग्लुकोज ऑक्सिडेज ही विकरं जास्त बनवतात. ग्रंथी तीच, डोकं तेच, पण वयाप्रमाणे काम बदललं. हे मी रात्री घरी सांगितलं तर सासूबाई लगेच म्हणाल्या, “मंग काय नवल हाये? लेकरू मोठं झालं का माय वावरात जाते, तसंच.” मी गेल्या वर्षभरात या विषयावर जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं वाक्य मला सापडलेलं नाही.

ही सगळी माहिती दुकानाच्या परीक्षणात कशासाठी, असं वाटेल. कारण आपण जे पैसे मोजतो ते या कामाचे. साखर आणि पाणी फुलातही होतं. फुलातल्या गोड पाण्याचा मध केला तो या ग्रंथींनी आणि त्या पंखांनी. मध विकणाऱ्याच्या हातात त्यानंतर एकच काम उरतं, ते बिघडू न देणं. आणि आपल्या विदर्भात ते बिघडायला चूल पेटवावी लागत नाही, नुसतं पत्र्याचं छप्पर पुरतं.

विकरं उष्णतेने मोडतात. डायस्टेजची ताकद ३० अंशाला निम्मी व्हायला सुमारे २०० दिवस लागतात. ४० अंशाला तीच ३१ दिवसांत निम्मी. ६० अंशाला एका दिवसात. इन्व्हर्टेज त्याहून नाजूक: ३० अंशाला सुमारे ८३ दिवस, ४० ला साडेनऊ-दहा दिवस, ६० ला पाचेक तास. मी आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर घातलं. चैत्रात भरलेली बाटली पत्र्याखाली ४० अंशात दोन महिने पडून राहिली तर डायस्टेज पाव उरलं. इन्व्हर्टेज सहा वेळा निम्मं झालं, म्हणजे चौसष्टावा हिस्सा. आणि वैशाखात आमच्याकडे बाहेरच ४५-४६ असतं, पत्र्याखालचं तर विचारूच नका. महामार्गावरची ती बाटली मला तेव्हा कळली.

१२ मे रोजी दुपारी दीड वाजता मी शाळेचा तापमापक पिशवीत घालून भाऊंकडे गेले. अंगणात सावलीत ४४. त्यांनी मला माजघरात नेलं, जिथे मधाचे डबे ठेवतात. दीड हाताच्या मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, वर माळवद, झरोक्याला ओलं पोतं. तापमापक तिथं वीस मिनिटं ठेवला. ३२. मी दोनदा पाहिला. भाऊ म्हणाले, “आज्याचं घर हाये मॅडम. लोकं म्हनतात पाडून स्लॅब टाक. स्लॅब टाकला तं मध कुठी ठेवू?”

आता वर्गात केलेल्या एका प्रयोगाबद्दल, कारण त्यातूनच माझं आणि भाऊंचं एकदा वाजलं. डायस्टेज म्हणजे पिठूळ पदार्थ, स्टार्च तोडणारं विकर. स्टार्चवर आयोडीन टाकलं की निळा-काळा रंग येतो हे सातवीतलं पोरगंही सांगतं. मग आम्ही तांदळाचं मांड पातळ केलं, चार परीक्षानळ्यांत घातलं. एकीत जंगलचा मध, दुसरीत भाऊंचाच संत्र्याचा, तिसरीत टपरीतला, चौथीत जंगलचाच पण आधी उकळलेला. कोमट पाण्यात तासभर ठेवून प्रत्येकीत आयोडीनचा एकेक थेंब. जंगलच्या मधाची नळी पिवळसर तपकिरीच राहिली, म्हणजे मांडातलं स्टार्च तुटलं होतं. उकळलेली काळीनिळी. टपरीतली काळीनिळी. आणि संत्र्याची नळी झाली जांभळी, दोन्हींच्या अधली-मधली.

वर्गात एकच गलका: “मॅडम, संत्र्याचा पन खोटा!” मलाही राग आला. चारशे रुपये किलोने घेतलेला मध होता. दुसऱ्या दिवशी मी नळ्यांचा स्टँड गाडीच्या डिक्कीत घालून दुकानावर गेले आणि सरळ विचारलं, “भाऊ, यात काय घातलं?”

ते चिडले नाहीत. नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि म्हणाले, “जंगलात माशी थेंब थेंब गोळा करते मॅडम. संत्र्याचा बहार फुटला का तिले वेळ कुठी असते? आनला का ओतला, आनला का ओतला. तोंडातोंडात फिरतच नाही तेवढा.”

मला ही सारवासारव वाटली. पण घरी येऊन वाचलं तर माणूस खरं बोलत होता. संत्रावर्गातल्या झाडांचा मध मुळातच विकरांनी कमी असतो, जगभर. मकरंद दाट असतो, एकदम भरपूर येतो, माश्यांना तो फार घोळावा लागत नाही, त्यामुळे ग्रंथींचा स्राव त्यात कमी पडतो. युरोपीय संघाच्या मधाच्या नियमात डायस्टेज किमान ८ शेड एकक (डायस्टेजची ताकद मोजायचं माप) लागतं, पण नैसर्गिकरीत्या कमी विकरं असलेल्या मधाला ३ चालतं. अट एवढीच की एचएमएफ किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या वर नको. एचएमएफ हा मध तापला, जुना झाला की वाढणारा पदार्थ. म्हणजे विकरं कमी आणि एचएमएफही कमी, तर तो फुलाचा स्वभाव. विकरं कमी आणि एचएमएफ जास्त, तर तो तापवण्याचा दोष. आपल्या एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकात डायस्टेज किमान ३ आणि एचएमएफ ८० पर्यंत चालतं, पाणी मात्र २० टक्क्यांच्या वर नको.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि भाऊंची माफी मागितली. वर्गातही सांगितलं, की चार नळ्यांवरून माणसाला खोटं ठरवायचं नसतं. या प्रयोगाने मध तापला की नाही याचा अंदाज येतो, शुद्ध आहे की नाही हे कळत नाही. माश्यांना साखरेचा पाक पाजला तरी त्या त्यातही आपली विकरं घालतातच, कारण ग्रंथीला पाक आणि मकरंद यात फरक कळत नाही. उसाच्या साखरेची भेसळ शोधायला प्रयोगशाळेत कार्बनची वेगळी तपासणी करतात. ऊस आणि बहुतेक फुलझाडं यांची कार्बन घेण्याची रीतच वेगळी असते, ती खूण साखरेत उतरते.

मग मी भाऊंना तोही प्रश्न विचारला, तुम्ही पाक देता का. त्यांनी लपवलं नाही. “पावसाळ्यात देतो. बाहेर काही नसते, नाही देल्लं तं मरतीन. पन बहाराच्या आधी बंद. त्या वक्ताचा मध मी काढतच नाही, थो त्याइचा.” बहुतेक पेटीवाल्यांना हे करावं लागतं. समोर विचारल्यावर ताठ मानेने सांगणारे मला हेच भेटले.

ग्लुकोज ऑक्सिडेजबद्दल थोडंसं. हे तिसरं विकर ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं. मधाचा आंबटपणा मोठ्या भागाने या आम्लाचा. पेरॉक्साइड म्हणजे शाळेच्या प्रथमोपचार पेटीतली ती फेसाळणारी बाटली. दाट मधात हे विकर जवळजवळ झोपलेलं असतं, मधात पाणी मिसळलं की जागं होतं. माश्यांच्या घरातला अजून पातळ असलेला मध जंतूंपासून राखायची ही सोय. आजीबाई जखमेवर मध लावायच्या त्यात तथ्य होतं, पण दवाखान्यात वापरतात तो निर्जंतुक केलेला असतो. दुकानातला मध कापल्या-भाजल्यावर लावू नका. भाऊंच्या घरच्या काकू आणखी एक गोष्ट प्रत्येक लेकुरवाळीला सांगतात, मी स्वतः ऐकलंय: “वर्षाच्या आतल्या लेकराले बोटभरही चाटवू नका.” आपल्याकडे बाळाला मध चाटवायची पद्धत आहे, तरी सांगतात. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, पण सांगतात. मधात असू शकणारे बोट्युलिझमचे बीजाणू तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढू शकतात, म्हणून ते खरंच धोक्याचं.

तक्रारीही आहेत. सगळ्यात मोठी जंगलच्या मधाची. ऑगस्टमध्ये घेतलेली बाटली दसऱ्याला उघडली तर झाकण फटकन उडालं आणि वर फेस. आंबला होता. बाटली घेऊन गेले तेव्हा भाऊंनी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे मधातलं पाणी मोजायच्या नळीसारख्या यंत्राने, उरलेला पाहिला, पाणी २३ टक्के. मोहोळ पावसाच्या तोंडावर, माश्यांनी झाकणं घालायच्या आधीच कापलेलं असणार. पाणी उडवायचं काम अर्धवट राहिलं की यीस्टला रान मोकळं. त्यांनी पैसे परत दिले, वर एक बाटली दिली. पण यंत्र हातात असताना तो मध आधी मोजायला हवा होता. आता डबा आला की माझ्यासमोर मोजतात, २० च्या वर गेला तर घेत नाहीत. मी घ्यायला गेले की मलाही त्या नळीतून पाहायला लावतात.

दुसरी तक्रार, बाटलीवर मध काढल्याची तारीख नव्हती. वरची सगळी दिवसांची गणितं तारखेशिवाय फुकट. तीनदा सांगितल्यावर आता काकू शाळकरी वहीचा कागद चिकटवून पेनाने लिहितात: फूल कोणतं, तारीख कोणती. अक्षर सुरेख आहे, पण पाणी लागलं की पुसतं. पेन्सिलीने लिहा म्हटलंय. झाकणंही हलकी आहेत, पिशवीत आडवी पडली की गळतात.

भाव: संत्र्याचा ४०० रुपये किलो, धन्याचा ४५०, जंगलचा ६००. बाटली घरून नेली तर वीस रुपये कमी. चवीचं म्हणाल तर संत्र्याचा हलका, फुलाचा वास जिभेच्या मागे उशिरा येणारा. बागेत बहाराच्या दिवसांत सकाळी उभं राहिलं की येतो तोच. धन्याचा मला फार आवडला नाही, घशाशी धरतो. जंगलचा गडद, किंचित कडसर, दुधाबरोबर नको, भाकरीबरोबर उत्तम. विकरांचा हिशेब केला तर जंगलचा वरचढ. तरी आमच्या घरी संत्र्याचाच जास्त संपतो, आणि त्यात मला आता काही गैर वाटत नाही.

जानेवारीत संत्र्याच्या मधाला दाणा धरतो. बाटली परत नेऊ नका, ग्लुकोजचे थंडीत स्फटिक होतात एवढंच. अनेक ठिकाणी गिऱ्हाइकाच्या भीतीने मध तापवून पातळ करतात, आणि तिथेच तो जातो. आयुर्वेदानेही मध तापवू नये असंच सांगितलंय. बाटली आंघोळीच्या पाण्याइतक्या कोमट पाण्यात उभी ठेवली की तासा-दोन तासांत सैल होतो. आमच्याकडे कुणी थांबत नाही, चमच्याने तसाच खातात.

दुकान सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर. उन्हाळ्यात मधल्या वेळी गेलात तर दार बंद दिसेल आणि आतून आवाज येईल, पण दार वाजवू नका. माजघरात गरम हवा शिरू नये म्हणून ते बंद ठेवतात.